मोरीपासून ओट्यापर्यंत

मी सेफ्टी पिना घेऊन जिना चढून वर आले तेव्हा ताई माझ्या आईच्या साडीला चहा लावत होत्या.

सांडला नव्हता. लावत होत्या. हॉलच्या मागच्या खोलीत बाकावर वर्तमानपत्र पसरलेलं, त्यावर साडी. शेजारी पातेल्यात उकळलेला कोरा चहा. ताईंच्या हातात स्पंज. आधी पदर. मग निऱ्या येतात तो भाग. मग वाटीतली राख दोन बोटांनी उचलून ओल्या डागावर चोळली. पांढरी सुती साडी, निळ्या काठाची. आईनं इस्त्री करून, घडी मोडू नये म्हणून टॉवेलात गुंडाळून दिलेली.

मला बघून ताई म्हणाल्या, "बघ, आता कशी खरी दिसतेय."

मी म्हणाले, "ताई, ही आईची विहारात नेसायची साडी आहे. मी सांगितलं होतं."

"सांगितलं असशील गं. पण पांढरी ती पांढरी. नटानं असा वस्तूत जीव अडकवायचा नसतो. पिना आणल्यास का?"

मी पिना दिल्या. त्या मृण्मयीसाठी होत्या. मृण्मयी राणी करणार होती, आणि तिच्या अंगावर तिच्या आजीची रेशमी साडी होती. रेशमाला भोक पडू नये म्हणून पिनेखाली कापडाचा छोटा तुकडा घ्यायचा असतो. हे ताईंनीच आम्हाला शिकवलं होतं. त्यांनी एकेक तुकडा घेऊन, जीभ दाताखाली धरून, फार जपून त्या पिना लावल्या. मी तिथेच उभी राहून बघत होते. बाकावर माझ्या आईची साडी वाळत होती.

खोलीत आम्ही सात-आठ जणी होतो. एक जण लिपस्टिक लावत होती, ती लावतच राहिली.

हा नाटकाचा वर्ग हैदराबादला, नल्लकुंट्यात, एका मराठी मंडळाच्या हॉलमध्ये रविवारी भरायचा. मी मलकपेठेत राहते. एका लॅबमध्ये रिपोर्ट टाइप करते. आई सरकारी दवाखान्यात नर्स आहे. वडील मी कॉलेजात असताना गेले. भाऊ-बहीण नाही. आईची दुपारची ड्यूटी असली की संध्याकाळी घरात मी एकटी. कुकर लावायचा आणि भिंतीशी बोलायचं. भिंतीशी बोलणं म्हणजे मी खरंच बोलायची, मोठ्यानं, वेगवेगळ्या बायांच्या आवाजात. शेजारच्या खालाजान एकदा दार वाजवून विचारायला आल्या, "कौन आया बेटा घर में?" कुणीच आलं नव्हतं.

मी पहिल्यांदा माणसांसमोर उभी राहिले ती आमच्या विहारात, जयंतीला. इतकी लहान की माइकखाली स्टूल ठेवलं होतं. समोर पांढऱ्या साड्यांच्या ओळी. त्यात आई. मी भाषण मधेच विसरले, तर पहिल्या ओळीतल्या बायांनी पुढची वाक्यं ओठांनी सांगितली. एवढ्या बाया माझ्यासाठी ओठ हलवत होत्या. स्टेज म्हणजे माझ्यासाठी ते होतं. म्हणून मी वर्गाला गेले. मला वाटलं, तिथेही तसंच असेल.

पहिल्याच रविवारी ताईंनी जवळ बोलावलं. ताई म्हणजे आमच्या शिकवणाऱ्या, साठीच्या, सगळं मंडळ त्यांना मानतं. शिकवायच्याही चांगलं, ते खोटं कशाला सांगू. चष्मा कपाळावर सरकवून म्हणाल्या, "ये, बस. मूळचे कुठले तुम्ही?"

"नांदेडकडचे."

"आडनाव काय म्हणालीस?"

सांगितलं.

"अच्छा," त्या म्हणाल्या. मान एका बाजूला कलली, डोळे मिटले. "अच्छा अच्छा. नाही, आमच्याकडे तसलं काही नाही हं. कलेला जात नसते."

मी काही विचारलंच नव्हतं.

वर्गात पद्धत अशी की प्रत्येकीनं दोन स्वगतं निवडायची. दोन बाया, एकमेकींच्या अगदी उलट. एक सोसणारी तर दुसरी झुंजणारी, एक सोप्यावरची तर दुसरी चुलीपुढची. याला ताई जोडी म्हणायच्या. वर्षाच्या शेवटी पालकांसमोर जोडी सादर करायची, आणि ज्यांची जोडी चांगली होईल त्यांना ताई आपल्या नव्या नाटकात घेणार. ते नाटक पुण्याला जाणार होतं. मला त्या नाटकात जायचं होतं. इतकं दुसरं काही कधी मागावंसं वाटलं नव्हतं.

मी राणी निवडली. एका जुन्या नाटकातली, राज्य स्वतः चालवणारी, दरबारात उभी राहून सरदारांना जाब विचारणारी. दुसरी निवडली बँकेच्या रांगेत बडबड करणारी एक मध्यमवयीन बाई, हसवणारी. राणीचं मराठी मला वाचायला जड गेलं. माझी शाळा इंग्रजी, घराबाहेर तेलुगू आणि हैदराबादी उर्दू. देवनागरी मी अडखळत वाचते. मग आईनं वाचून दाखवलं. भाकरी थापताना ती एक वाक्य म्हणायची, मी मागून म्हणायची. "मी उभी असताना बसून बोलायची रीत या दरबारात कुणी पाडली?" आईच्या तोंडी ते वाक्य असं बसलं होतं की तव्यावरची भाकरी करपली तरी ती थांबायची नाही. कितीतरी दिवसांनी आमच्या घरात दोन माणसांचा आवाज होता.

पुढच्या रविवारी मी निवड सांगितली. ताई हसल्या. वाईट नाही हसल्या, लाडानं हसल्या.

"राणी? अगं, राणी अंगावर बसायला हवी. तुझ्या रक्तात आहे ते कर ना. त्यात तू चमकशील."

मग त्यांनीच मला जोडी दिली. पहिली, अंगठी चोरल्याचा आळ आलेली मोलकरीण, मालकिणीच्या पायाशी बसून रडणारी. दुसरी, दारुड्या नवऱ्याला भांडी फेकून मारणारी मोलकरीण. म्हणाल्या, "एक रडकी, एक भांडखोर. झाला की नाही विरोध?"

राणी मृण्मयीला मिळाली. तिची दुसरी बाई भाजीवाली. दुसऱ्या एकीला प्राध्यापिका आणि वेडी. बाकी सगळ्यांची जोडी या टोकापासून त्या टोकापर्यंत. माझी मोरीपासून ओट्यापर्यंत.

आता एक गोष्ट सांगते. आमच्या घरात कुणी दुसऱ्याची भांडी घासली नाहीत. घासली असती तरी मला लाज नसती. पण नाही घासली. आजोबा रेल्वेत होते, वडील वीज खात्यात, आई नर्स. मोलकरीण कशी चालते, कशी बसते हे मला मृण्मयीइतकंच माहीत होतं. तिच्यापेक्षा कमीच, कारण तिच्या घरी मोलकरीण होती.

तरी मी केलं. नाटक पाहिजे होतं ना. ताई म्हणाल्या होत्या, निरीक्षण करा, माणसं बघा. मी मलकपेठच्या बाजारात उभी राहून बाया बघितल्या. ओल्या हातानं केस मागे कसे सारतात, कुणी मोठ्यानं बोललं की खांदा कसा आत घेतात. घरी येऊन तासन्‌तास फरशीवर बसून ते रडणं बसवलं. रडणं फार अवघड असतं. खोटं रडू लगेच ओळखू येतं.

वर्गात करून दाखवलं तर सगळे गप्प झाले. मला वाटलं, जमलं. ताई म्हणाल्या, "बघा. हिला करावंच लागत नाही. हे असं आतून आलेलं असतं."

म्हणजे माझी मेहनत गेली. मृण्मयी भाजीवाली करायची तो अभिनय. मी करायची ते रक्त. पुढे तर जिला-तिला ताई माझ्याकडे धाडायच्या. पदर कमरेला कसा खोचायचा, हिला विचारा. उकिडवं कसं बसायचं, हिला विचारा. मृण्मयी माझ्यासमोर उकिडवी बसायची आणि म्हणायची, "ए, बरोबर आहे ना? तू बोल, तुझ्याकू मालूम रहता." ती वाईट नव्हती. मजेत बोलायची. मी सांगायचे, "हौ, बरोबर आहे." मग सगळ्या मिळून खाली चहा-बिस्किटाला जायच्या आणि मी खिडकीशी डबा उघडायची. कुणी ये म्हटलं नाही. कुणी येऊ नको असंही म्हटलं नाही. म्हणून तर तक्रार करायलाही काही हातात नव्हतं.

आईला जोडी बदलल्याचं कसं सांगू कळेना. ती रोज विचारायची, "राणी पाठ झाली का गं माय?" झाली होती. ती तर पहिल्या आठवड्यातच झाली होती.

सादरीकरणासाठी ताईंनी साड्या मागवल्या. घरातली एकेक साडी आणा म्हणाल्या. मी आईला म्हटलं, एखादी जुनी साडी दे. आईनं कपाट उघडलं आणि सगळ्यात वरची काढली. पौर्णिमेला, जयंतीला नेसते ती. मी म्हटलं, ही नक्को, दुसरी दे.

"कामून? माणसांपुढं उभं राहायचं म्हणजे हीच साडी. विहारात उभी राहत होतीस तवा मी हीच नेसलेली असायची. अन् राणी आहेस की तू." मग इस्त्री तापवायला लागली. मी टॉवेल आणून दिला.

ताईंना साडी देताना मी स्पष्ट सांगितलं की ही विहारात नेसायची आहे. त्यांनी चष्मा कपाळावर सरकवला, माझ्या पाठीवर हात ठेवला. "वडील नाहीत ना तुझे? म्हणून पांढरी. असू दे, असू दे."

माझ्या वडिलांच्या आधीपासून आई ती नेसते. आमच्या सगळ्या बाया नेसतात. लेकुरवाळ्या नेसतात, नव्या नवऱ्या नेसतात. त्या दिवशी विहारासमोरचा रस्ता पांढरा होतो आणि आम्हाला तो आनंदाचा रंग वाटतो. हे सगळं माझ्या तोंडाशी आलं होतं. पण त्यांचा हात पाठीवर होता, आणि डोळ्यांत इतकी दया होती की मी नुसती साडी पुढे केली.

तर ती साडी आता चहा पिऊन बाकावर पडली होती.

मी मागच्या जिन्याच्या पायरीवर जाऊन बसले. खूप रडू येत होतं. त्या अंगठीवाल्या मोलकरणीसाठी इतके दिवस ओढून आणलेलं रडू आता फुकट येत होतं, आणि मला ते द्यायचं नव्हतं. त्यांना तर अजिबात नाही. हॉलमधून माइकचा आवाज येत होता, हॅलो, हॅलो, चेक. कुणाला फोन करावा म्हणून मोबाइल काढला. आईशिवाय एकही नाव असं सापडलं नाही की ज्याला मी सांगितलं असतं. आणि आई तर फाटकातून आत येत होती.

ड्यूटी बदलून घेतली होती तिनं. जांभळी साडी, केसांत मोगरा. दवाखान्यात कुणी मोठा डॉक्टर आला की चालते तशी, जरा घाईनं, पण ताठ. वर मान करून तिनं मला बघितलं आणि हात हलवला. मग चपला काढायच्या की नाही ते न कळून दारात थबकली. बाकीच्यांच्या पायात बघितलं आणि तशीच आत गेली.

मी उठले. साडी अजून ओलसर होती. तीच नेसले. डाग पदरावर, निऱ्यांवर, सगळे समोर. ताई म्हणाल्या, "शाब्बास. पदर खोच." मी पदर खोचला नाही. खांद्यावरून सरळ सोडला.

माझं नाव पुकारलं. नावासोबत दोन मोलकरणींची नावं.

समोर दिवा होता, तरी तिसऱ्या ओळीतली जांभळी साडी दिसत होती. ताई पहिल्या ओळीत, मधोमध. मालकिणीचं आसन म्हणून एक चौरंग ठेवला होता, मला त्याच्या पायाशी बसायचं होतं. मी तो पायानं बाजूला सारला.

आणि राणी सुरू केली.

"मी उभी असताना बसून बोलायची रीत या दरबारात कुणी पाडली?"

पहिलं वाक्य गेलं तेव्हा हॉलमध्ये कुजबूज झाली, कारण हीच राणी नुकतीच मृण्मयी करून गेली होती. मी थांबले नाही. चहाचे डाग पडलेल्या साडीत मी सरदारांना जाब विचारला. एक शब्द चुकला नाही. मधे एकदा तिसऱ्या ओळीकडे नजर गेली. आई ओठ हलवत होती. सगळी वाक्यं तिला पाठ होती. सगळ्या हॉलमध्ये एकटीच.

राणी संपली. थोड्या टाळ्या पडल्या. आता दुसरी बाई, उलट स्वभावाची. मी तिचंही निरीक्षण केलं होतं. माणसं बघा म्हणाल्या होत्या ताई. कुठली बघा आणि कुठली बघू नका, हे म्हणाल्या नव्हत्या.

मी चौरंग ओढून घेतला आणि त्यावर बसले. नसलेला चष्मा कपाळावर सरकवला.

"ये, बस. मूळचे कुठले तुम्ही? आडनाव काय म्हणालीस?"

मान एका बाजूला. डोळे मिटून.

"अच्छा. अच्छा अच्छा. नाही, आमच्याकडे तसलं काही नाही हं. कलेला जात नसते."

मागच्या ओळींतून हसू फुटलं. त्यांना वाटलं, विनोदी काहीतरी आहे. मी पुढे गेले.

"राणी? अगं, राणी अंगावर बसायला हवी. तुझ्या रक्तात आहे ते कर ना. बघा, हिला करावंच लागत नाही. ही साडी कुणाची, आईची? वडील नाहीत ना तुझे? म्हणून पांढरी. असू दे, असू दे."

हसू कमी झालं. पहिल्या ओळीत एक खुर्ची करकरली. मी पदर मांडीवर घेतला, हातात नसलेला स्पंज धरला आणि चहा लावायला लागले. हळूहळू. जीभ दाताखाली धरून.

"सांगितलं असशील गं. पण पांढरी ती पांढरी. बघ, आता कशी खरी दिसतेय."

आता कुणीच हसत नव्हतं.

ताई उभ्या राहिल्या. "पुरे," म्हणाल्या.

"संपलंच ताई," मी म्हणाले. "जोडी झाली."

टाळी एकही वाजली नाही. मी आत गेले. मागच्या खोलीत सगळ्या भिंतीला चिकटून उभ्या. मृण्मयी रेशमी साडीत, डोळे मोठे करून बघत होती. मी माझी पिशवी घेतली. ती इतकंच म्हणाली, "तू पागल हो गई क्या?" मी बाहेर पडले.

कुणाला वाटेल, निदान आईनं मिठी मारली असेल. नाही. ऑटोत बसल्यावर काचीगुडा येईपर्यंत ती पर्स मांडीवर धरून बसली. मग म्हणाली, "राणी झकास केलीस. पण त्या बाईंची नक्कल कशाला? वयानं मोठ्या आहेत. चारचौघांत त्यांचं तोंड उतरवलंस."

"आई, साडी बघितलीस का तू?"

"बघितली."

"काय आहे ते?"

"चहा सांडला असंल कुणाचा."

"सांडला नाही. त्यांनी लावला. मोलकरणीची दिसावी म्हणून. मला राणी दिलीच नव्हती."

आईनं माझ्याकडे बघितलं. मग बाहेर बघायला लागली. चादरघाटचा पूल गेला तरी ती बाहेरच बघत होती. मोगऱ्याचा गजरा काढून तिनं पर्समध्ये ठेवला.

घरी येऊन तिनं आधी साडी भिजवली. लिंबू लावलं, सोडा लावला, उन्हात घातली, परत भिजवली. "रक्ताचे डाग काढलेत मी जिंदगीभर," ती म्हणाली, "अन् ह्यो निघत नाही." तेव्हा ती रडली. माझ्या आईला मी वडिलांनंतर पहिल्यांदा रडताना पाहिलं. मला ताईंचा फार राग आला. तो राग अजून आहे. तो जावा असं मला वाटत नाही.

वर्गाच्या ग्रुपमधून मला त्याच दिवशी काढलं. नव्या नाटकात मृण्मयी आहे. एकीचाही फोन नाही, मेसेज नाही. मंडळातल्या कुणीतरी आईच्या दवाखान्यातल्या ओळखीच्या बाईला म्हटलं, यांना कितीही जवळ करा, शेवटी हे असंच. रविवार आता मोकळा असतो. दुपारी फार रिकामं वाटतं. राग असला म्हणून एकटेपण कमी होत नाही.

पौर्णिमेला मी आईला म्हटलं, नवी साडी घेऊ. ती म्हणाली, हीच नेसते. निऱ्या घालताना तिनं डागाचा भाग बरोबर आतल्या घड्यांत घेतला. पदर गुंडाळून कमरेला खोचला. आरशात वळून-वळून बघितलं, कुठून दिसत तर नाही ना. विहारात कुणाला काही दिसलं नाही. मला मात्र सगळा वेळ तेवढंच दिसत होतं.

विद्यापीठाच्या नाट्यविभागाची प्रवेशाची चाचणी आहे. तिथेही तेच सांगितलंय, परस्परविरोधी स्वभावाच्या दोन स्त्रियांची दोन स्वगतं आणा. माझी तयार आहेत. आधी राणी, मग ताई. परीक्षक विचारतील, ही दुसरी बाई कुठल्या नाटकातली. मी सांगेन, नल्लकुंट्यातली, अजून जिवंत आहे, तुमच्यातही असेल. नापास करतील तर करोत. मग दुसरीकडे जाईन, तिसरीकडे जाईन, पण हीच जोडी घेऊन जाईन. मोलकरीणही करीन कधीतरी. मन लावून करीन. त्या दिवशी ती माझी निवड असेल, आणि लोकांना तिला अभिनयच म्हणावं लागेल.

काल आईला सांगितलं, चाचणीला तुझी पांढरी साडी पाहिजे. ती म्हणाली, "दे इकडं, निऱ्या मी घालून देते. डाग आत घ्यायला तुला जमायचं नाही."

मी म्हटलं, "निऱ्या मी घालीन आई. डाग बाहेर राहणार आहे."